कांद्याचा भाव, उजनीचं पाणी आणि शक्यतेचं गणित

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मोहोळ तालुक्यातल्या एका पदवीधर तरुणाच्या घरी कांदा आहे, थोडा ऊस आहे. त्यानं सोलापूर बाजार समितीतले चार वर्षांचे रोजचे कांद्याचे भाव जमवले, त्याला आवक, पाऊस, तापमान, डिझेलचा दर अशा अकरा घटकांची जोड दिली आणि संगणकावर मॉडेल बांधलं. जुन्या भावांवर पडताळलं तेव्हा ते '९४ टक्के अचूक' निघालं. आता मॉडेल म्हणतंय की जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात भाव चढेल. वडिलांना तोवर थांबायला सांगू का, हा त्याचा पहिला प्रश्न. दुसरा असा की गणितानं पुढचं सांगता येतं, तर हवामान खात्याचा पाऊस का चुकतो?

माझं शिक्षण संख्याशास्त्राचं. सोलापुरात राहून साखर कारखान्यांसाठी उसाचे अंदाज आणि व्यापाऱ्यांसाठी आवकेचे अंदाज बांधण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. त्या कामाच्या आधारानं लिहितो आहे.

वडिलांना थांबायला सांगू नका. निदान या मॉडेलच्या जोरावर तरी नको. तुमची मेहनत खरी आहे आणि आकडे जमवण्याची शिस्त तर फारच थोड्यांकडे असते. पण ते ९४ टक्के तुमच्या प्रश्नाचे नाहीत, दुसऱ्याच एका सोप्या प्रश्नाचे आहेत.

तुम्ही बहुधा आजपर्यंतची माहिती देऊन उद्याचा भाव काढलात, प्रत्येक दिवशी किती टक्के फरक पडला ते पाहिलंत, सरासरी फरक ६ टक्के आला, तो शंभरातून वजा केलात. आता मॉडेल बाजूला ठेवा आणि एकच नियम लावा: उद्याचा भाव आजच्याएवढाच राहील. समजा सोमवार ते शुक्रवार क्विंटलचे सर्वसाधारण दर १८००, १७५०, १८५०, १८०० आणि १९०० असे आहेत. मंगळवारी आपण ५० रुपयांनी चुकलो, म्हणजे २.९ टक्के. बुधवारी १००, म्हणजे ५.४ टक्के. गुरुवारी २.८, शुक्रवारी ५.३. सरासरी चूक साधारण ४.१ टक्के. म्हणजे काहीही न शिकलेला, एका ओळीचा हा नियम ९६ टक्के 'अचूक' ठरला. तुमच्या चार वर्षांच्या आकड्यांवर हा नियम चालवून बघा. अकरा घटकांचं मॉडेल त्याला हरवत नसेल, तर त्यानं बाजाराबद्दल काहीच सांगितलेलं नाही. फक्त कालचा भाव आजच्या जवळ असतो, एवढंच पुन्हा सांगितलं आहे.

अंदाजाच्या कामात पहिली पायरी नेहमी हीच असते. गणित लावायच्या आधी बिनगणिताचा अंदाज कितपत जमतो ते मोजायचं, मग त्याच्यावर किती भर पडली ते बघायचं. ही पायरी गाळून कोणी 'इतके टक्के अचूक' म्हणत असेल, तर तो कॉलेजचा प्रकल्प असो की कंपनीचं विकाऊ सॉफ्टवेअर, मी तो आकडा वाचतच नाही.

वडिलांचा प्रश्न उद्याचा नाही, तीन आठवड्यांनंतरचा आहे. तेव्हा पडताळणीही तशीच हवी. २० डिसेंबरपर्यंतचीच माहिती मॉडेलला द्या, त्यापुढचा एकही आकडा दिसू देऊ नका आणि १० जानेवारीचा भाव काढायला सांगा. मग एकेक दिवस पुढे सरकत हेच करत जा. इथं एक चूक फार सहज होते. चार वर्षांच्या ओळी पत्त्यांसारख्या पिसून त्यातल्या ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के तपासायला, असं बहुतेक पाठांत शिकवतात. भावांच्या बाबतीत हे चालत नाही. ११ जानेवारीचा आणि १३ जानेवारीचा भाव शिकवलेल्या मॉडेलला १२ जानेवारीचा भाव विचारणं म्हणजे उत्तरपत्रिका समोर ठेवून परीक्षा घेणं.

याहून मोठी अडचण मोजदादीचीच आहे. तुमच्याकडे हजारावर ओळी आहेत, पण जानेवारी चारच आहेत. एका जानेवारीतले पंचवीस बाजारदिवस म्हणजे पंचवीस स्वतंत्र साक्षीदार नव्हेत; एकाच साक्षीदारानं पंचवीस वेळा सांगितलेली ती एकच साक्ष आहे. त्या वर्षी खरिपात पाऊस किती लांबला, रोपं किती सडली, नाशिककडचा लाल कांदा कधी आला, कर्नाटकातला किती आला, यावर तो अख्खा महिना ठरलेला असतो. चार साक्षींवर अकरा घटकांचा न्याय करता येत नाही. घटक वाढवत नेले की जुने आकडे कसेही जुळवता येतात. नवीन वर्ष आलं की ती जुळणी निखळते.

हे आपल्या देशात मोठ्या पातळीवर घडून गेलेलं आहे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. मान्सूनचा हंगामी अंदाज हिमालयातल्या बर्फावरून बांधायला हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८० च्या दशकात सुरुवात केली. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हवामान खात्याचे प्रमुख झाले. ते मूळचे गणिती. जगभरच्या ठिकाणांचा हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांचे सहसंबंध त्यांनी हातानं मोजून काढले, आणि त्यातूनच पॅसिफिक महासागरातल्या दाबाचा झोपाळा, ज्याला आज आपण एल निनोशी जोडतो, तो सापडला. पुढे १९८८ पासून शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेलं १६ घटकांचं मॉडेल खात्यानं वापरलं. बरीच वर्षं अंदाज ठीक आले आणि लोकांचा विश्वास बसला. २००२ मध्ये मॉडेलनं सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला. प्रत्यक्षात ८१ टक्केच पडला. जुलैत तर सरासरीच्या निम्म्याच्या आसपासच पाऊस झाला. त्यानंतर खात्यानं ते मॉडेल बदललं, घटक कमी केले.

गोवारीकरांच्या कामाबद्दल मला आदर आहे, तो २००२ मुळे कमी होत नाही. त्या काळी उपलब्ध आकड्यांवर देशाचा पाऊस मांडायचं धाडस त्यांनी केलं. पण मान्सून वर्षातून एकदाच येतो, म्हणजे मॉडेलला वर्षाला एकच धडा मिळतो. त्यात १६ घटक बसवले की जुळणी छान दिसते आणि तुटते तेव्हा एकदम तुटते. तुमच्या अकरा घटकांचं आणि चार जानेवारींचं गणित याच जातीचं आहे.

आता खातं पाच गट करून प्रत्येकाची शक्यता सांगतं. सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे 'सर्वसाधारण'. त्याच्या खाली दोन गट, वर दोन गट. कसलाही अंदाज न करता, फक्त इतिहास मोजला तरी सर्वसाधारण गटाची शक्यता ३३ टक्के येते. तेव्हा बातमीत 'सर्वसाधारण पावसाची शक्यता ४० टक्के' आलं, तर तो आकडा ३३ शेजारी ठेवून वाचायचा. ३३ वरून ४० वर गेलं, एवढीच नवी माहिती. आणि हा अंदाज अख्ख्या देशाचा आहे. देशात १०० टक्के पडला म्हणून सांगोल्यात पडेल असं त्यात कुठंही म्हटलेलं नसतं. आपला जिल्हा पर्जन्यछायेत. इथला बराचसा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरच्या थोड्या दिवसांत उरकतो.

'उद्या पावसाची शक्यता ६० टक्के' आणि उद्या थेंब पडला नाही, तर खातं चुकलं का? एका दिवसावरून ते ठरवताच येत नाही. असे शंभर दिवस घ्यायचे, ज्यांच्या आदल्या दिवशी ६० टक्के सांगितलं होतं. त्यातल्या साधारण साठ दिवशी पाऊस झाला असेल तर अंदाज अचूक. नव्वद दिवशी झाला असेल तर खातं जास्त भित्रं, तीस दिवशी झाला असेल तर जास्त धीट. शक्यतेचा आकडा असाच गठ्ठ्यानं तपासायचा असतो.

शेतकऱ्याला मात्र एकाच उद्याचा निर्णय घ्यायचा असतो, आणि तिथं गणित खरोखर कामाला येतं. समजा कांदा काढून रानात पातीसकट वाळत घातलाय. ताडपत्री आणि मजुरी मिळून झाकायचा खर्च ४००० रुपये. भिजला तर नुकसान ४०,००० चं. ४००० भागिले ४०,००० म्हणजे दहा टक्के. पावसाची शक्यता दहा टक्क्यांच्या वर असली की झाकायचं, खाली असली की राहू द्यायचं. म्हणजे १५ टक्के शक्यतेलाही झाकायचं. झाकल्यावर पाऊस आला नाही तरी तो निर्णय बरोबरच होता. पुष्कळ लोक ५० टक्क्यांची वाट बघतात, जणू पारडं अर्ध्यावर गेल्याशिवाय हलायचंच नाही. प्रत्येक कामाचा उंबरठा वेगळा असतो. डाळिंबावर फवारणी करायची की नाही याचा वेगळा, ज्वारी मोडायला मजूर सांगायचे की नाही याचा वेगळा. खर्च आणि नुकसान यांचा भागाकार कागदावर एकदा करून ठेवला की हवामानाचा अंदाज वाचायची सगळी रीतच बदलते.

पावसाच्याच ओघात एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या सोलापुरात घडली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात इथून विमानं उडवून पाऊस वाढवण्यासाठी ढगांत बीजारोपणाचा प्रयोग केला. विमान उडालं आणि पाऊस पडला की लोक म्हणायचे, प्रयोग यशस्वी. नाही पडला की पैसे पाण्यात. दोन्ही निष्कर्ष कच्चे होते, कारण तो ढग बीज न पेरताही बरसला असता की नाही हे एका ढगावरून कळत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी कोणत्या ढगात पेरायचं आणि कोणत्यात नाही हे यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठी टाकून ठरवावं तसं ठरवलं आणि दोन गटांची तुलना केली. वाऱ्याच्या दिशेनं सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के वाढ दिसली, काही ठिकाणी जास्त. कोरड्या आभाळातून पाऊस पाडता येतो असं यातून निघत नाही. योग्य ढग असेल तर थोडी भर पडते, एवढंच निघतं. एवढंच सांगायला इतकी शिस्त लागली, याचं मला फार मोल वाटतं.

परत कांद्याकडे येतो. शक्यतेच्या गणिताची सुरुवात १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितींच्या पत्रव्यवहारातून झाली, तीही जुगाराच्या प्रश्नावरून. जुगारात शक्यता आधीच माहीत असतात. दहा आकड्यांतला एक लागणार आणि नऊपट मिळणार असेल, तर १० रुपयांमागं सरासरी ९ परत येतात. कितीही जुने आकडे वहीत उतरवले तरी यात फरक पडत नाही, कारण कालच्या आकड्याला आजचा आकडा ओळखत नाही. मटक्याचे 'चार्ट' बघून गणित मांडणाऱ्या पोरांना माझं हेच कळकळीचं सांगणं असतं. कांद्याचं उलट आहे. इथं कालचा परिणाम आजवर होतो, कारणं आहेत, ती शोधता येतात. पण शक्यता कोणी आधी सांगून ठेवलेल्या नाहीत आणि मधेच नियमच बदलतात.

नियम बदलतात म्हणजे काय ते तारखांवरून बघा. २९ सप्टेंबर २०१९ ला कांद्याची निर्यात बंद झाली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आलं आणि ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा बंदी. ऐन लाल कांद्याच्या हंगामात भाव कोसळले. ज्यांच्या मॉडेलमध्ये फक्त पाऊस, आवक आणि डिझेल होतं, त्यांना हे दिसणं शक्यच नव्हतं. मग लोक म्हणतात, सरकारचा निर्णय गणितात कसा धरायचा? धरता येतो. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत तीनदा बंदी आली, म्हणजे ही काही हजारात एखाद्या वेळची घटना नाही. शिवाय ती कशीही येत नाही. किरकोळ भाव भडकला, सण किंवा निवडणूक जवळ असली की तिची शक्यता वाढते. ती शक्यता कच्ची का होईना, आकड्यात लिहा.

लिहिल्यावर मात्र सरासरी काढून मोकळे होऊ नका. समजा बंदीची शक्यता तुम्ही ३० टक्के धरलीत. बंदी नसेल तर भाव १९०० ते २४०० च्या दरम्यान, बंदी आली तर ८०० ते १२०० च्या. मधले आकडे घेतले, २१५० आणि १०००, तर सरासरी येते १८०५. आता नीट बघा: १८०५ हा भाव दोन्हीपैकी कुठल्याच परिस्थितीत येत नाही. तुमच्या मॉडेलनं एकच आकडा दिला आहे, तो असाच दोन वाटांच्या मधल्या बांधावरचा असू शकतो. वडिलांना एक आकडा देऊ नका. दोन चित्रं द्या आणि प्रत्येकाची शक्यता द्या. ते स्वतः अनुभवी आहेत. बंदीची शक्यता ते तुमच्यापेक्षा चांगली ओळखतील, आणि तुमच्या मॉडेलला नेमकी त्याच माहितीची गरज आहे.

आणखी एक. तुम्ही 'भाव' म्हणून कोणता आकडा घेतला? बाजार समिती कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन दर देते. बातमीत जास्तीत जास्त येतो, आणि तो एखाद्या निवडक वक्कलाला, म्हणजे मालाच्या ढिगाला, मिळालेला असतो. तुमच्या मालात गोल्टी (बारीक कांदा) किती, मध्यम किती, माल वाळलेला की ओलसर, यावर तुमची जागा ठरते. म्हणून घरातल्या जुन्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, काढा. प्रत्येक पट्टीवरचा भाव त्या दिवशीच्या सर्वसाधारण दराच्या किती टक्के होता ते लिहा. हे गुणोत्तर बाजारापेक्षा पुष्कळ स्थिर असतं, आणि तेच तुमचं खरं भांडवल आहे. बाजाराचा अंदाज कोणीही करू शकतो, तुमच्या रानातल्या मालाचा फक्त तुम्ही.

भाव आणि हातात पडणारे पैसे या दोन गोष्टी आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे, हमाली, तोलाई आणि गाडीभाडं वजा जाता दोन रुपये ४९ पैसे मिळाले होते. भाव किलोला एक रुपया होता. ५१२ रुपयांतून ५०९ रुपये ५१ पैसे कापले गेले. ती पट्टी वर्तमानपत्रात पाहून सगळेच हळहळले. संख्याशास्त्राच्या नजरेनं त्यात एक गोष्ट उघडी पडते: खर्च ठरलेला आणि भाव हलता असेल, तर हातातली रक्कम भावापेक्षा कितीतरी जोरात हलते. काढणी, गोणी, गाडी, हमाली मिळून क्विंटलला ७०० रुपये खर्च धरा. भाव १६०० असताना ९०० उरतात. भाव पाव हिश्शानं घसरून १२०० झाला तर उरतात ५००, म्हणजे उत्पन्न ४४ टक्क्यांनी घसरलं. तुमच्या मॉडेलची ६ टक्क्यांची चूक हातातल्या पैशात दहा टक्क्यांच्या वर जाते. चूक नेहमी तिथं मोजा जिथं ती बोचते.

आता पट्टा, म्हणजे भाव कुठून कुठवर जाऊ शकतो ते, कसं काढायचं. मागच्या सगळ्या वर्षांत, कोणत्याही दिवसापासून तीन आठवड्यांनी भाव कितीपट झाला, याची यादी करा: १६०० चे २००० झाले तर १.२५, १६०० चे १२०० झाले तर ०.७५. यादी लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. खालचे दहा टक्के आणि वरचे दहा टक्के सोडा. उरलेला पट्टा समजा ०.६ ते १.५ आला, तर आजच्या १६०० वरून तीन आठवड्यांनंतरचा पट्टा ९६० ते २४००. हा पट्टा बघून लोक नाराज होतात, एवढं मोठं अंतर असेल तर अंदाज कसला म्हणतात. पण बाजार तेवढा हलतोच. तुमच्या अकरा घटकांचं मॉडेल हा पट्टा थोडा जरी अरुंद करत असेल, म्हणजे पाचात चार वेळा खरा भाव ९६० ते २४०० ऐवजी ११०० ते २१०० च्या आत पकडत असेल, तर ते खरोखर उपयोगी आहे. मॉडेलची परीक्षा ही.

उजनी धरणाचं उदाहरण देतो, कारण नुसती रेघ ओढून अंदाज बांधला की काय होतं ते त्यात उघड दिसतं. उजनीत ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं सुमारे ६३.६ मृतसाठ्याचं आणि ५३.५ उपयुक्त. २०२३ च्या पावसाळ्यात उपयुक्त साठा साठ टक्क्यांच्या घरातच अडकला. २०२४ च्या जूनमध्ये तो उणे साठ टक्क्यांना टेकला होता, म्हणजे मृतसाठ्यातलंही ३२ टीएमसीच्या आसपास वापरून झालं होतं. आठ महिन्यांत १२० अंकांची घसरण, महिन्याला पंधरा. ही रेघ पुढं ओढली तर ऑगस्टला उणे नव्वद येतं. प्रत्यक्षात ऑगस्टमध्ये धरण भरलं. ज्यांना उजनी माहीत आहे त्यांना यात नवल नाही. सोलापुरात ऊन असलं तरी पुण्याकडच्या घाटात पाऊस झाला की वरची धरणं भरतात, तिथून पाणी सुटतं आणि दौंडजवळून भीमेला येतं. रेघ घसरणीची होती आणि भरणं वेगळ्याच यंत्रणेनं होतं. ती यंत्रणा ज्याला माहीत नाही, त्याचं गणित कितीही बारीक असलं तरी उपयोग नाही.

यावर अटीची शक्यता, म्हणजे नवी बातमी कळल्यावरची शक्यता, कशी बसवायची ते बघा. आकडे समजुतीसाठी घेतो. समजा वीस वर्षांच्या यादीत पंधरा वर्षं धरण भरलं, पाच वर्षं नाही. तर जूनमध्ये भरण्याची शक्यता ७५ टक्के. आता जुलै संपला आणि उपयुक्त साठा तीस टक्क्यांच्या खाली आहे. यादीत परत जा. भरलेल्या पंधरा वर्षांपैकी अशी स्थिती तीनदा होती, न भरलेल्या पाचांपैकी चारदा. म्हणजे अशा एकूण सात वर्षांपैकी तीन वर्षं धरण पुढं भरलं. शक्यता ४३ टक्क्यांवर आली. अटीची शक्यता काढणाऱ्या बेजच्या सूत्राचं बहुतेक काम एवढंच आहे: मोजायची यादी नव्या बातमीनं लहान करत जायची. ऊस लावायचा की तूर, याचा निर्णय ७५ वर घ्यायचा की ४३ वर, हा फरक लाखांचा असतो. जलसंपदा खात्याची रोजची साठ्याची आणि विसर्गाची माहिती खुली असते. खरे आकडे भरून हे करून बघा, एका दुपारचं काम आहे.

तुमच्या उसाबद्दल थोडं, कारण माझं बहुतेक काम त्यातलं. हंगामात किती गाळप होईल याचा अंदाज नोंदीच्या क्षेत्राला सरासरी टनेजनं गुणून काढतात. तो चुकतो तो बहुधा गुणाकारात नाही, टनेज कुठून आणलं त्यात. रस्त्याकडेचे प्लॉट बघितले की अंदाज फुगतो, कारण पाणी आणि लक्ष दोन्ही तिकडेच जातं. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा हे उसाचे प्रकार वेगळे करून, प्रत्येकातले प्लॉट चिठ्ठ्या टाकून निवडले तर थोड्या नमुन्यातही अंदाज नीट बसतो. नमुने चौपट केले की चूक निम्मी होते. निवडच एकांगी असेल तर मात्र नमुने कितीही वाढवा, चूक तिथंच राहते. साताऱ्याकडच्या बुध गावात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणीच्या अंदाजात हेच दाखवलं होतं. कापणीचा तुकडा फार लहान घेतला की कडेची धाटं आत धरली जातात आणि उत्पन्न वास्तवापेक्षा जास्त दिसतं. त्या वेळी दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचे यावर मोठे मतभेद झाले. पीकविम्यासाठी गावात पीक कापणी प्रयोग होतो, तेव्हा तुकडा कसा निवडला आणि दोरी कुठून धरली हे तिथं उभं राहून बघा. तुमच्या महसूल मंडळाची भरपाई त्या चौकोनावर ठरते.

मॉडेल सुधारायला नवं सॉफ्टवेअर लागणार नाही. एक वही घाला, किंवा एक्सेलचं पान. रोज नको, आठवड्याला एकदा पुरे. होय किंवा नाही असं स्पष्ट उत्तर असलेला प्रश्न लिहा: 'तीन आठवड्यांनी सर्वसाधारण दर आजच्यापेक्षा जास्त असेल.' शेजारी तुमची शक्यता लिहा आणि वडिलांची वेगळ्या रकान्यात लिहा. निकाल लागला की घडलं तर १, नाही तर ०, त्यातून शक्यता वजा करून वर्ग करा. ७० टक्के म्हणालात आणि घडलं: ०.०९. २० टक्के म्हणालात, नाही घडलं: ०.०४. ६० म्हणालात, नाही घडलं: ०.३६. ९० म्हणालात आणि घडलं: ०.०१. चारांची सरासरी ०.१२५. प्रत्येक वेळी '५०-५०' म्हणणाऱ्याची सरासरी ०.२५ येते, तेव्हा त्याच्यापेक्षा तुम्ही बरे. ही पद्धत ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञानं १९५० मध्ये मांडली आणि आजही हवामानाचे अंदाज तिनं तपासले जातात. लिहिल्यानंतर खोडायचं नाही, एवढाच नियम. दोन हंगाम गेले की कोणाचं डोकं कुठल्या प्रश्नावर चालतं ते आकड्यांत दिसेल. बऱ्याच घरांत वडिलांचा रकाना मॉडेलपेक्षा सरस निघतो, विशेषतः आवकेच्या बाबतीत. बाजार दोन दिवस बंद राहिला की पुढच्या सकाळी बाजार समितीसमोर हैदराबाद रोडला गाड्यांची रांग किती लांब लागेल, हे ज्यानं तिथं रात्र काढली आहे त्याला कळतं.

पणन मंडळाच्या संकेतस्थळावर मागच्या बऱ्याच वर्षांचे बाजारभाव मिळतात. चार वर्षांवर थांबू नका, पंधरा तरी घ्या. घटक अकरावरून तीनावर आणा: मागच्या दोन आठवड्यांची आवक, खरिपात कांदापट्ट्यात पडलेला पाऊस आणि त्या वेळी निर्यातीवर बंधन होतं की नव्हतं. एवढ्यावर 'आजच्याएवढाच भाव' या नियमाला तीन आठवड्यांच्या टप्प्यावर हरवता आलं, तर पुढं जा.

या हंगामापुरतं वडिलांशी असं बोला. लाल कांदा कांदाचाळीत, म्हणजे साठवणुकीत, टिकत नाही, तेव्हा थांबायचं तर रानातच थांबावं लागेल, आणि तिथं पाऊस, धुई आणि कोंब यांचा धोका आहे. त्याचा खर्च ते सांगतील, तुम्ही लिहून घ्या. मग सगळा माल एका पंधरवड्यावर लावण्याऐवजी तीन खेपांत न्या, दहा-बारा दिवसांच्या अंतरानं. लागोपाठच्या भावांचं एकमेकांशी नातं असल्यामुळं यातून धोका तिसऱ्या हिश्शावर येत नाही. पण सगळाच माल सगळ्यात वाईट दिवशी गेला, असं होण्याची शक्यता जवळजवळ संपते. पहिल्या खेपेची पट्टी हातात आली की सर्वसाधारण दराशी तुमचं गुणोत्तर काढा आणि दुसऱ्या खेपेचा पट्टा त्यावरून नव्यानं मांडा.